सेवा आणि नेम

दया हा हृदयाचा गुण आहे आणि नेम हा वागणुकीचा, असें आपण सामान्यतः समजतों. दयाळु मनुष्याविषयीं आपल्या मनांत प्रेम उत्पन्न होतें. नेमाच्या मनुष्याविषयीं फार तर आदर वाटतो, आणि त्या आदरांतहि थोडी थट्टा मिसळलेली असते. दुःखी मुलाला पाहून ज्याचे डोळे भरून येतात तो आपल्याला मोठा वाटतो. घड्याळाकडे पाहून ठरल्या वेळीं जो दारांत उभा राहतो तो नुसता शिस्तीचा वाटतो. या दोन गुणांपैकीं श्रेष्ठ कोणता, हा वाद जुना आहे आणि पुष्कळ ठिकाणीं तो निष्फळहि आहे. परंतु एक क्षेत्र असें आहे कीं, जेथें तो केवळ शब्दांचा राहत नाहीं. त्याच्या उत्तरावर एखाद्या लहान जीवाचें बरेंवाईट अवलंबून असतें. ज्या मुलांना जन्मभर औषधोपचारांची सोबत लागते, त्यांच्यासाठीं स्वेच्छेनें कांहीं करूं इच्छिणाऱ्या माणसांचें हें क्षेत्र होय. त्याविषयीं कांहीं विचार वाचकांपुढें मांडावे असा आमचा हेतु आहे.

विचार हवेंत तरंगत राहूं नये म्हणून तो एका गांवाला बांधून घेऊं. छत्रपति संभाजीनगराहून निघून दौलताबादचा घाट चढून सुमारें २५ किलोमीटर गेलें म्हणजे खुलताबाद लागतें. या गांवाचें जुनें नांव रौझा. चवदाव्या शतकाच्या आरंभीं दिल्लीच्या निजामुद्दीन अवलियांचे जे शिष्य दक्षिणेंत आले त्यांपैकीं मुन्तजबुद्दीन यांचा दर्गा येथें आहे. लोक त्यांना जर जरी जर बक्ष या नांवानें ओळखतात, आणि सोनें वांटणारा असाच त्या नांवाचा भावार्थ आहे. त्यांच्यामागून आलेल्या बुऱ्हाणुद्दीन यांच्या नांवापुढें तर ‘गरीब’ हीच पदवी आहे. चिश्ती साधूंची रीत अशी कीं, न मागतां जें दान येईल तें सांठवून न ठेवतां वांटून टाकावें. याच गांवांत निजलेल्या मारुतीचें, म्हणजे भद्रा मारुतीचें, देऊळ आहे. हनुमानजयंतीच्या आदल्या रात्रीं आणि श्रावणांतील शनिवारीं शहरांतून सहस्रावधि माणसें पायीं तेथें जातात, आणि वाटेवर जागोजागीं पाणी, चहा, फराळ घेऊन उत्साही मंडळी उभी असतात. घेणाऱ्याची ओळख विचारीत नाहींत, पैसे मागत नाहींत. अशा गांवाला दानधर्म शिकविण्याची आमची प्राज्ञा नाहीं. उलट, जो प्रश्न आम्हांस विचारावयाचा आहे तो दान जाणणाऱ्या गांवालाच विचारण्याजोगा आहे.

समजा, याच तालुक्यांतील एखाद्या खेड्यांत एक मूल जन्माला आलें. जन्मतः तें इतर मुलांसारखेंच दिसतें. सहा महिने, वर्ष लोटतें, आणि त्याच्या चेहऱ्यावरची तुकतुकी जाऊं लागते. तें फिकटतें, किरकिरतें, खात नाहीं. प्लीहा वाढून त्याचें पोट पुढें येतें. आई दृष्ट काढते, अंगारा लावते. आणि अखेर शहरांतल्या रुग्णालयांत रक्त तपासल्यावर कळतें कीं, त्याला थॅलेसेमिया आहे. टॉमस कूली या अमेरिकन वैद्यानें १९२५ सालीं ज्याचें वर्णन केलें तो हा विकार. रक्ताला लाली देणारें आणि प्राणवायु वाहून नेणारें जें द्रव्य, तें या मुलाच्या शरीरांत पुरेसें बनत नाहीं. आई आणि बाप दोघेहि या विकाराचें बीज नकळत वाहत असतात. त्यांना स्वतःला कांहीं त्रास नसतो. पण दोघांकडूनहि तें बीज उतरलें म्हणजे मूल आजारी होतें, आणि असें होण्याचा संभव प्रत्येक गरोदरपणांत चारांत एक असतो. कोणाचें पाप किंवा कोणाचा शाप यांचा येथें कांहीं संबंध नाहीं.

याला उपाय काय? योग्य दाता मिळाला तर अस्थिमज्जेचें रोपण करून विकार मुळापासून जाऊं शकतो. परंतु तसा दाता आणि तेवढा पैसा थोड्यांनाच लाभतो. बाकीच्यांना दर दोन ते चार आठवड्यांनीं दुसऱ्याचें रक्त घ्यावें लागतें, आणि तें जन्मभर. दुसऱ्याच्या रक्ताबरोबर लोह येतें. एका पिशवींत सुमारें २०० ते २५० मिलिग्रॅम. एवढें लोह बाहेर टाकण्याची सोय मानवी शरीरांत नाहीं. तें हृदयांत आणि यकृतांत सांठून त्यांना निकामी करूं लागतें. म्हणून तें काढण्याचें औषधहि नेमानें घ्यावें लागतें. रक्त वेळेवर आणि औषध न चुकतां, एवढें झालें तर हें मूल शाळेंत जातें, खेळतें, मोठें होतें, संसारहि करूं शकतें. त्यांत खंड पडला तर तें सुकतें. हा विकार म्हणजे एक पंचांगच आहे म्हणा ना. त्यांतली तिथि चुकवून चालत नाहीं.

आतां थोडें गणित करूं. नीतीच्या प्रश्नांतहि कधीं कधीं तें उपयोगी पडतें. तीन आठवड्यांतून एकदां असें धरलें तर या मुलाला वर्षांतून १७ वेळां रक्त लागेल. निरोगी पुरुषाला दोन रक्तदानांमध्यें ३ महिन्यांचें आणि स्त्रीला ४ महिन्यांचें अंतर ठेवावें लागतें; म्हणजे पुरुष वर्षांतून ४ वेळां आणि स्त्री ३ वेळां रक्त देऊं शकते. लहान मुलाला प्रत्येक खेपेस एक पिशवी पुरते असें मानलें, तरी त्या एका मुलामागें वर्षभर न चुकणारे ५ पुरुष किंवा ६ स्त्रिया हव्यात. मूल वाढून त्याला दोन पिशव्या लागूं लागल्या कीं हीच संख्या ९ किंवा १२ होते. अर्थात् अमक्याचें रक्त अमक्यालाच, असा हिशेब रक्तपेढींत नसतो; गट जुळवून व तपासून ज्याला जें योग्य तें दिलें जातें. पण समजण्यापुरतें असें म्हणावयास हरकत नाहीं कीं, ईश्वरानें या मुलाला आई आणि बाप दिले, आणि व्याधीनें त्याच्यासाठीं आणखी पांच नातलग मागितले.

हे पांच नातलग मिळणें कठीण कां व्हावें? महाराष्ट्राला रक्तदानाचें वावडें नाहीं. पुढाऱ्याचा वाढदिवस असो, थोर पुरुषाची जयंति असो, गणेशोत्सव असो कीं स्वातंत्र्यदिन असो, शिबिरें भरतात, तरुणांच्या रांगा लागतात, प्रशस्तिपत्रें वांटलीं जातात. परंतु काढलेल्या रक्तांतील लाल पेशी शीतपेटींतहि ३५ ते ४२ दिवसच टिकतात. एकाच दिवशीं जमलेल्या तीनशें पिशव्या सहा आठवड्यांत उपयोगांत आल्या नाहींत तर टाकून द्याव्या लागतात. आणि ज्या वैशाखांत महाविद्यालयें ओस पडतात, मंडळांचे कार्यकर्ते लग्नसराईंत गुंततात, ऊन्ह असह्य होतें, त्याच महिन्यांत रक्तपेढीचें कपाट रिकामें होऊं लागतें. दिवाळीच्या सुटींतहि तेंच. मुलाच्या शरीराला मात्र सुटी नसते. अशा वेळीं घाट उतरून आलेल्या आईला जर सांगण्यांत आलें कीं, ‘आज नाहीं, दोन दिवसांनीं या,’ तर त्या दोन दिवसांचा अर्थ तिच्या लेखीं काय होतो? एका दिवसाची मजुरी बुडाली, एसटीचें भाडें गेलें, आणि दोन पायऱ्या चढतांना मुलाला धाप लागली. येथें समाजांत दया नाहीं असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. दया होती, पण ती सणाच्या दिवशीं आली आणि वाराच्या दिवशीं आली नाहीं. कमी पडला तो नेम.

हें तत्त्व आमच्या जुन्या शास्त्रकारांना ठाऊक नव्हतें असें नाहीं. गीतेच्या सतराव्या अध्यायांत सात्त्विक दानाचें जें लक्षण सांगितलें आहे त्यांत, परतफेडीची आशा न ठेवतां देणें ही अट तर आहेच. पण तिच्या जोडीला देश, काल आणि पात्र या तिघांचाहि विचार आहे. त्यांपैकीं पात्र या शब्दावर आपण पुष्कळ वाद घातला. घेणारा लायक कीं नालायक, हें ठरविण्यांत देणाऱ्याचा अहंकार सुखावत असल्यानें त्या शब्दाचें महत्त्व वाढत गेलें. काल या शब्दाचा अर्थ मात्र आपण पर्वकाळ असा करून घेतला: ग्रहण, संक्रांत, एकादशी, म्हणजे देणाऱ्याला पुण्य अधिक मिळेल तो काळ. घेणाऱ्याची गरज ज्या वेळीं असेल तो काळ, असा अर्थ करावयास भाषेची आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती सवयीची. याच जिल्ह्यांतील पैठणच्या एकनाथमहाराजांनीं ती सवय मोडली. रामेश्वराला वाहावयाचें गंगेचें पाणी त्यांनीं वाटेंत तहानेनें तडफडणाऱ्या गाढवाला पाजलें, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तिच्यांतून आपण भूतदयेचा बोध घेतों, तो योग्यच आहे. पण तिच्यांत कालाचाहि बोध आहे. रामेश्वर थांबूं शकत होता. तहान थांबूं शकत नव्हती.

येथवर आम्ही रक्ताविषयींच बोललों, कारण त्यांत नेमाचा प्रश्न उघड दिसतो. पण अशा मुलांना रक्ताखेरीजहि कांहीं लागतें. रक्त चढण्यास तीन-चार तास लागतात. गट जुळविणें, वाट पाहणें, येणें-जाणें धरून सबंध दिवस जातो. वर्षांतले असे १७ दिवस शाळेबाहेर जातात; आणि वर्गांत ज्या दिवशीं अपूर्णांकांचा भागाकार शिकविला, नेमकें त्याच दिवशीं तें मूल खाटेवर असतें. आईचाहि दिवस जातो. घरीं दुसरें मूल असेल तर त्याला शेजारणीच्या स्वाधीन करून ती आलेली असते. अशा वेळीं एखाद्या विद्यार्थ्यानें, एखाद्या गृहिणीनें किंवा सेवानिवृत्त शिक्षकानें येऊन त्या मुलाजवळ बसावें, त्याचा बुडालेला धडा समजावून द्यावा, गोष्ट सांगावी, आईला तासभर जेवून येण्यास मोकळीक द्यावी, ही मोठी सेवा होय. तिला पैसा लागत नाहीं आणि विशेष विद्याहि लागत नाहीं.

परंतु या सेवेंत एक धोका आहे, जो रक्ताच्या दानांत नाहीं. रक्त देणारा मुलाला दिसत नाहीं. शेजारीं बसणारा दिसतो. मूल त्याचें नांव विचारतें, आपली वही दाखवितें, आणि तो जावयास निघाला म्हणजे विचारतें, ‘पुनः कधीं येणार?’ या प्रश्नाचें उत्तर देणाऱ्याच्या लेखीं निरोपाचा एक शब्द असतो. मुलाच्या लेखीं तें वचन असतें. ज्याचें आयुष्यच तारखांवर चालतें, तें मूल तारखा विसरत नाहीं. खेळणीं, फळें, बिस्किटें घेऊन कोणी एका दिवशीं येतात, तीं मुलांच्या हातीं देतांना छायाचित्रें काढून घेतात, आणि पुनः त्या दाराकडे फिरकत नाहींत. त्यांचा हेतु वाईट असतो असें आम्ही म्हणत नाहीं. मुलें त्या दिवशीं हंसतात हेंहि खरें. पण अशा अनेक दिवसांतून मूल एवढेंच शिकतें कीं, मोठीं माणसें गोड बोलतात आणि जातात. आजारानें जें शिकविलें नव्हतें तें दयेनें शिकविलें, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून आमचें मत असें आहे कीं, न येणें हा दोष नाहीं, एकदांच येणें हाहि नाहीं. ‘येईन’ म्हणून न येणें हा या क्षेत्रांतला खरा अपराध होय. ज्याला एकदांच यावयाचें आहे त्यानें मुलाला तसें सरळ सांगावें. मुलांना सत्य सोसतें. फसवणूक सोसत नाहीं.

येथें कोणी विचारील, नेमाचें एवढें स्तोम माजविलें तर सेवेची चाकरी होणार नाहीं काय? हृदय कोरडें असतां ठरल्या दिवशीं हजेरी लावणारा सेवक आणि कचेरींतला कारकून यांत फरक तो काय राहिला? हा आक्षेप हलका नाहीं. कोरड्या हातानें भरविलेला घांस लहान मुलाला बरोबर कळतो. परंतु नेमाच्या आधीं हृदय भरून आलेंच पाहिजे, असा हट्ट कशासाठीं? आईचें उदाहरण घ्या. तान्ह्यासाठीं रात्रीं तीनदां उठणारी आई प्रत्येक वेळीं वात्सल्यानें भरून आलेली असते असें नाहीं. पुष्कळदां ती नुसती थकलेली, वैतागलेलीहि असते. पण ती उठते, आणि तिच्या त्या उठण्यालाच आपण वात्सल्य म्हणतों. वारकऱ्याचेंहि तसेंच आहे. वारी या शब्दांतच फिरून फिरून जाण्याचा अर्थ आहे. पंढरपूर एकदां पाहून आला तो यात्रेकरू; गळ्यांत माळ घालून वर्षानुवर्षें वारी न चुकविण्याचा नेम ज्यानें घेतला तो वारकरी. चिखल तुडवीत जातांना त्याच्या प्रत्येक पावलाला भक्तीचा उमाळा येत असेल असें कोणीहि मानीत नाहीं. पण ज्या दिवशीं उमाळा नसतो त्या दिवशीं नेम त्याला चालवितो, आणि चालतां चालतां उमाळा परत येतो. भाव हा पाहुणा आहे आणि नेम हें घर आहे. घराचें दार उघडें असलें तर पाहुणा आज ना उद्यां येतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. रोगी मुलांचा सांभाळ हें राज्याचें कर्तव्य. तें स्वयंसेवकांच्या खांद्यावर टाकलें तर राज्य आळसावेल. या आक्षेपाचा बराचसा भाग आम्हांस मान्य आहे. औषधें, तपासण्या, रक्तपेढ्या, वैद्य हें सर्व राज्यानें पुरविलेंच पाहिजे, आणि तें मिळत नसेल तर तें मागणें हीहि सेवाच आहे. राज्यानें कांहीं पावलें टाकलींहि आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाड्यांतील आणि शाळांतील मुलांची तपासणी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांचा दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत समावेश केला. थॅलेसेमियाच्या रुग्णांकडून रक्ताचें शुल्क घेऊं नये असें शासनाचें धोरणहि आहे. परंतु रक्त ही वस्तु अशी आहे कीं, तें कोणत्याहि कारखान्यांत तयार होत नाहीं. तिजोरी कितीहि भरलेली असली तरी तिच्यांतून रक्ताचा एक थेंब निघत नाहीं. तो नागरिकाच्या दंडांतूनच यावा लागतो.

पूर्वी हा थेंब विकतहि मिळे. गरजेनें किंवा व्यसनानें गांजलेलीं माणसें पैशासाठीं रक्त विकीत, आणि विकणाऱ्याला आपला आजार लपविण्याचा मोह होणें साहजिकच होतें. इंग्लंडांतील रिचर्ड टिटमस या विद्वानानें १९७० सालीं ‘दि गिफ्ट रिलेशनशिप’ या ग्रंथांत हाच मुद्दा मांडला. इंग्लंडांत रक्त दान म्हणून मिळे, अमेरिकेंत बरेंचसें विकत घेतलें जाई. दोन्ही पद्धतींची तुलना करून त्यानें असा निष्कर्ष काढला कीं, दिलेलें रक्त विकलेल्या रक्तापेक्षां अधिक निर्दोष असतें, कारण देणाऱ्याला लपविण्याचें कारण नसतें. आपल्याकडे मुंबईंत लीला मूळगांवकर यांनीं ऐच्छिक रक्तदानाचा प्रसार त्याच्याहि आधींपासून चालविला होता. पुढें १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिलेल्या निर्णयानंतर, १ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशांत पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली. ही बंदी सर्वथा योग्य होती. पण तिचा एक अर्थ आपण नीट ध्यानांत घेतलेला दिसत नाहीं. बाजाराचें दार आपण स्वतः लावून घेतलें, तेव्हां ज्या मुलाचें जीवित त्या दारावर अवलंबून होतें त्याला आपण, म्हणजे सबंध समाजानें, एक न लिहिलेलें वचन दिलें: ‘तुला विकत मिळणार नाहीं, परंतु आम्ही देऊं.’ तें वचन आपल्यापैकीं प्रत्येकाच्या नांवानें दिलेलें आहे.

अशा मुलांसाठीं कांहीं माणसांनीं आपलें सबंध आयुष्यच वाहिलें आहे. पंढरपुरांत मंगलताई शहा यांनीं २००१ सालीं एच.आय.व्ही.बाधित मुलांसाठीं ‘पालवी’ सुरू केली. लातूर जिल्ह्यांत हासेगांवीं रवि बापटले यांनीं २००७ सालीं ‘सेवालय’ उभारलें. त्या मुलांचें औषध रोज ठराविक वेळीं पोटांत जावें लागतें. खंड पडत गेला तर विषाणु औषधाला दाद देईनासा होतो. तेथील दिवस औषधाच्या घटकेभोंवतीं फिरतो. अशा माणसांची थोरवी वादातीत आहे. पण त्या थोरवीचा आपण एक सोयीस्कर उपयोग करून घेतों: त्यांना नमस्कार करून मोकळे होतों. त्यांच्यासारखें घरदार सोडून जाणें आपल्याला शक्य नाहीं, म्हणून आपल्याला कांहींच शक्य नाहीं, असा तर्क मनांतल्या मनांत चालतो आणि तो आपल्याला निर्दोषहि वाटतो.

अजिंठ्याच्या भिंतींवर शिबि राजाची कथा चितारलेली आहे. शरण आलेल्या पारव्याला ससाण्यापासून वांचविण्यासाठीं त्यानें आपलें मांस कापून तराजूंत घातलें, आणि तें पुरेना तेव्हां तो स्वतःच पारड्यांत बसला. ही कथा ऐकून मन नम्र होतें, आणि मनांत कोठें तरी असेंहि वाटतें कीं, हें देवांचें व राजांचें काम; आपलें नव्हे. आजच्या वैद्यकानें मात्र असा चमत्कार केला आहे कीं, शिबीच्या दानाचा लहानसा अंश प्रत्येक गृहस्थाच्या आवाक्यांत आणून ठेवला. सुमारें ३५० मिलिलिटर रक्त, अर्धा-पाऊण तासाचा वेळ; आणि दिलें तें शरीर कांहीं आठवड्यांत भरून काढतें. शिबीला एकदांच द्यावयाचें होतें आणि सर्वस्व द्यावयाचें होतें. आपल्याला थोडेंसेंच द्यावयाचें आहे, पण तें पुनः पुनः द्यावयाचें आहे. सर्वस्व देण्याला जें धैर्य लागतें तें विरळा. परंतु चौथ्या वेळीं, कोणी पाहत नसतां, कसलीहि जयंति नसतां, भर उन्हांत जाऊन पुनः हात पुढें करणें हेंहि एक धैर्यच आहे. त्याची चित्रें कोणी काढणार नाहीं, एवढाच भेद.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. आपण कोणासाठीं कांहीं केलें म्हणजे त्यानें कृतज्ञ असावें, ही अपेक्षा मनाच्या कोपऱ्यांत राहतेच. आजारी मुलाच्या बाबतींत ती विशेष अन्यायाची आहे. निरोगी मूल सकाळचें दूध पितांना कोणापुढें हात जोडीत नाहीं. दूध मिळणारच असें तें धरून चालतें, आणि तें तसें धरून चालतें यांतच त्याच्या बालपणाचें सुख आहे. ज्याला जगण्यासाठीं दर तीन आठवड्यांनीं अनोळखी माणसांचे आभार मानावे लागतात, त्याचें बालपण व्याधीनें अर्धें नेलें आणि उपकारानें अर्धें नेलें. नेमाचा सर्वांत मोठा लाभ येथें दिसून येतो. अवचित आलेल्या दानाबद्दल आभार मानावेसे वाटतात. नेमानें येणाऱ्या दानाचा विसर पडतो. ज्या दिवशीं तें मूल, रक्ताची पिशवी आपल्या वेळीं येणारच असें समजून, निश्चिंतपणें अंगणांत विटीदांडू खेळूं लागेल, त्या दिवशीं समाजाचें काम झालें असें म्हणावें. आपण विसरले जावें एवढ्या नेमानें देणें, यापेक्षां निरपेक्ष दान तें कोणतें? पिशवीवर रक्ताचा गट लिहिलेला असतो. देणाऱ्याचा धर्म आणि जात लिहिलेली नसते. दर्ग्याच्या उंबऱ्यावर डोकें टेकणाऱ्याचें रक्त मारुतीला तेल वाहणाऱ्याच्या मुलाला जातें आणि तेथून इकडेहि येतें. त्याचा पत्ता दोघांनाहि नसतो. खुलताबादेसारख्या गांवीं, जेथें हीं दोन्ही दैवतें एकाच टेकडीवर नांदतात, तेथें हें वेगळें समजावून सांगण्याची गरज नसावी.

श्रावणांतल्या शनिवारीं भद्रा मारुतीच्या वाटेवर पाणी पाजणारे हात पुष्कळ असतात आणि ते तसेच असोत; सणाची दया आटावी असें आम्हांस कदापि वाटत नाहीं. ज्या मंडपांत चहा दिला जातो त्याच मंडपांत एक वही ठेवावी, आणि देवाला निघालेल्या तरुणांनीं तींत आपलें नांव, रक्ताचा गट व पुढल्या वर्षांतले आपले चार महिने लिहून द्यावे, एवढें झालें तरी सणांतून नेम निघूं शकेल. ज्यांना रक्त देतां येत नाहीं, त्यांना आठवड्याचा एक ठराविक प्रहर देतां येईल. ज्यांना तेंहि जमत नाहीं, त्यांनीं आपल्या घरच्या विवाहयोग्य मुलामुलींची रक्ततपासणी करवून घ्यावी. एका साध्या तपासणीनें हें बीज आहे कीं नाहीं तें कळतें, आणि दोन्हीकडे तें असल्याचें वेळेवर कळलें तर पुढें एका मुलाचा आणि एका आईचा वनवास टळूं शकतो. हें सर्व करतांना डोळे भरून आले तर उत्तम. न आले तरी हरकत नाहीं. श्रावणांतला शनिवार येतो तसा ज्येष्ठांतला मंगळवारहि येतो. त्या दिवशीं मुलाला कडेवर घेऊन घाट उतरणाऱ्या आईला रिकामें कपाट दिसावें कीं भरलेलें, याचा निर्णय त्या मंगळवारीं होत नसतो. तो तीन आठवड्यांपूर्वीं कोणी आपला वार पाळला कीं चुकविला, यावरून आधींच होऊन गेलेला असतो. ज्यांना हें म्हणणें पटेल त्यांनीं आपल्या दिनदर्शिकेंत चार तारखा आजच लिहून ठेवाव्या.